निवृत्तीत पहिला नंबर

डॉक्टरांना करायचं होतं ते एवढंच, की एक अर्ज लिहायचा, खाली सही ठोकायची आणि सैन्यातून सन्मानाने घरी जायचं. जगात रोज कितीतरी माणसं नोकऱ्या सोडतात. काही जण तर दुपारी साहेबाशी भांडतात आणि संध्याकाळी मोकळे होतात. तेव्हा यात अवघड असं काहीच नव्हतं. पण आपल्या डॉक्टरांना एक वाईट खोड होती. कुठलीही गोष्ट करण्याआधी ते चार जणांना विचारत, आणि नुसतं विचारून थांबत नसत, चौघं सांगतील ते करतही असत.

"कुणाला विचारत बसू नका," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "अर्ज टाका आणि मोकळे व्हा."

बाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. पेशाने शिक्षिका, त्यामुळे वसाहतीतली पोरंटोरं, दूधवाला, ड्रायव्हर, खुद्द डॉक्टरांचे वरिष्ठसुद्धा त्यांना बाईच म्हणत. डॉक्टरांची बदली झाली की बाईंची शाळा सुटायची. नवं गाव, नवी शाळा, पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात. प्रत्येक शाळेत त्यांच्या गळ्यात स्नेहसंमेलनाचं नाटक पडायचं. बाई ते जीव ओतून बसवायच्या आणि ऐन प्रयोगाच्या तोंडावर बदलीचा हुकूम यायचा. आठ शाळांमध्ये आठ नाटकं बसवली आणि एकाचाही पडदा वर जाताना पाहिला नाही, असा विक्रम त्यांच्या नावावर होता. आता मात्र ज्या शहरात दोघांनी मोठ्या हौसेनं फ्लॅट घेऊन ठेवला होता, तिथल्याच एका शाळेनं त्यांना मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. बाईंनी होकार कळवूनही टाकला होता.

"शाळा उघडेल त्या दिवशी मी त्या खुर्चीत बसलेली असणार," त्या म्हणाल्या. "आणि संध्याकाळी घरी येईन तेव्हा दार तुम्ही उघडायचं. आयुष्यभर मी उघडलंय. कबूल?"

"कबूल," डॉक्टर म्हणाले. "चहासुद्धा टाकून ठेवतो."

"आधी दार उघडा. चहाचं पुढे बघू."

डॉक्टरांनी शब्द दिला तो अगदी मनापासून. कारण अडचण अशी कुठलीच दिसत नव्हती. डॉक्टरांची शाळा संपली तेव्हा घरची परिस्थिती बेताची होती, आणि सैन्य म्हणालं होतं, आम्ही तुला डॉक्टर करतो. फी नाही, वरून विद्यावेतन, गणवेश, जेवण सगळं आमचं. फक्त शिकून झालं की इतकी वर्षं आमची नोकरी करायची. पुढे त्वचारोगाचं उच्चशिक्षणही सैन्यानंच दिलं, त्याबद्दल आणखी काही वर्षं. याला बॉण्ड म्हणतात. हे सगळे बॉण्ड डॉक्टरांनी जवानांच्या पायाच्या बोटांमधली बुरशी तपासून फेडले. बूट घालून मैलोन् मैल चालणाऱ्या माणसांना बुरशी होतेच, आणि ती बरी करणारा एक माणूस लागतो. शत्रूचं तोंड डॉक्टरांनी कधी पाहिलं नव्हतं, पण बुरशी पाठ दाखवून पळताना खूपदा पाहिली होती. आता बॉण्ड फिटले होते, पेन्शन पिकली होती, बाईंची शाळा वाट पाहत होती. अर्ज तेवढा टाकायचा.

तो टाकायला म्हणून निघाले आणि जिन्यात पेन्शनशास्त्री भेटले.

पेन्शनशास्त्री खालच्या मजल्यावर राहत. मूळचे रसदखात्यातले अधिकारी, म्हणजे सैन्याला पीठमीठ पुरवणारे. त्यांची स्वतःची निवृत्ती अजून बरीच लांब होती, पण निवृत्तीचे नियम त्यांना असे तोंडपाठ होते की त्यांच्या घरी वाढदिवसाला गेलेला माणूसही येताना ग्रॅच्युइटी समजून घेऊन येई. वसाहतीत कुणाच्या हातात पाकीट दिसलं की ते आपलंच काम आहे असं त्यांना वाटायचं.

"डॉक्टर, हे काय आहे?"

"काही नाही रे. निवृत्तीचा अर्ज."

"शिकाऊ वर्षं धरलीस का?"

"कशात?"

पेन्शनशास्त्र्यांनी कपाळावर हात मारला. "कशात म्हणून काय विचारतोस! पेन्शनमध्ये! तू मेडिकल कॉलेजात होतास तेव्हा अंगावर गणवेश कुणाचा होता? सैन्याचा. खायला कोण घालत होतं? सैन्य. मग ती वर्षं सेवेत धरली पाहिजेत. आणि धरली असतील तर ती बॉण्डमध्येही धरायला नकोत का? तू बिचारा दोन-चार वर्षं उगाच जास्त राबलास की काय, कुणास ठाऊक. आधी विचारून घे, मग अर्ज टाक."

विचारून घे, हे दोन शब्द ऐकले की डॉक्टरांचे पाय आपोआप वळत. पाकीट खिशात गेलं आणि डॉक्टर नोंदणी कार्यालयात.

तिथले हेडक्लार्क मोठे दरबारी गृहस्थ होते. टेबलावर काच, काचेखाली त्यांना मिळालेली प्रशस्तिपत्रकं, आणि समोर बसणाऱ्याला ती उलटी वाचावी लागत. त्यांनी डॉक्टरांना बसवलं, पाणी मागवलं, आणि प्रश्न ऐकून डोळे मिटून घेतले.

"साहेब, हिशोब दोन आहेत आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. शिकाऊ वर्षं पेन्शनमध्ये धरतात. बॉण्डमध्ये धरत नाहीत. बॉण्ड सुरू होतो शिक्षण संपल्यावर."

"म्हणजे मी शिकत होतो तेव्हा सैन्यात होतो की नव्हतो?"

"पेन्शनच्या दृष्टीनं होतात. बॉण्डच्या दृष्टीनं नव्हतात."

"अहो, मग मी होतो कुठे?"

"कॉलेजात, साहेब," हेडक्लार्क अतिशय समजूतदारपणे म्हणाले.

पण बातमी चांगलीच होती. दोन्ही बॉण्ड एकामागून एक मोजूनही पुरे झालेले होते. अर्जाला आडकाठी काही नव्हती. डॉक्टर उठलेसुद्धा. आता हेडक्लार्कांनी नमस्कार करून त्यांना जाऊ द्यायचं की नाही? पण नाही.

"एक राहिलंच, साहेब. निवृत्तीपूर्व प्रशिक्षण. ते केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. त्यात दोन प्रकार आहेत. एक आठवड्याचं इथल्या इथे, नाही तर संस्थेत राहून तीन महिन्यांचं. आपल्याला कुठलं घालू?"

"विचारून सांगतो," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "आठवड्याचं घ्या."

पेन्शनशास्त्री मात्र जिन्यात अडवून म्हणाले, "वेडा आहेस का तू? तीन महिन्यांचं घे! राहायची सोय उत्तम, व्याख्यानं, प्रमाणपत्र, बाहेर नोकरी धंदा करायचा झाला तर उपयोगी, आणि सगळं फुकट! शिवाय ते तीन महिने पेन्शनमध्ये धरतील ते वेगळेच."

फुकट शिक्षण म्हटलं की आपल्या डॉक्टरांचा हात वर जात असे. त्याला ते तरी काय करणार? आयुष्यात पहिल्यांदा तो वर केला आणि डॉक्टर झाले, दुसऱ्यांदा केला आणि तज्ज्ञ झाले. मधल्या काळात फुकट म्हणून त्यांनी अग्निशमनाचा कोर्स केला होता, पोहण्याचा केला होता, आणि एकदा तर खेचरांच्या निगेचा केला होता, जिथे खेचरानं त्यांची निगा राखण्याची वेळ आली. तेव्हा बाईंनी कितीही डोळे वटारले तरी व्हायचं तेच झालं.

"अगं, पुढे क्लिनिक काढलं तर व्यवस्थापन यायला नको का?" डॉक्टर म्हणाले.

"शाळा उघडायच्या आत सुटाल ना?"

"कितीतरी आधी!"

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांच्या त्या 'बरं'ला बरीच वर्षं संसार केलेल्या माणसानं घाबरायला हवं होतं. डॉक्टर बॅग भरत होते.

प्रशिक्षण मोठं मजेचं निघालं. वर्गात सगळे मोठमोठे अधिकारी, पिकलेल्या मिशांचे, आणि शिकवायला एक चुणचुणीत तरुण प्राध्यापिका. पहिला पाठ होता, हुद्दा न सांगता स्वतःची ओळख करून देणे. एकेकानं उभं राहून फक्त नाव सांगायचं. तोफखान्याचे एक धिप्पाड कर्नल उठले, त्यांनी नाव सांगितलं आणि पुढे काहीतरी राहिलंय अशा चेहऱ्यानं ते तसेच उभे राहिले. प्राध्यापिकेनं त्यांना दोनदा बसा म्हटलं तेव्हा बसले. दुसरा पाठ रांगेत उभं राहण्याचा. वर्गातच एक बँक उभी केली होती. दहा अधिकाऱ्यांची रांग लावली तर दहाही जण पुढच्याला हुकूम देऊ लागले. तिसरा पाठ, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गाडी लावायला जागा मागणे. तोफखान्याच्या कर्नलांनी अशी जागा मागितली की सेक्रेटरी झालेला नौदलाचा अधिकारी टेबलाखाली शिरला.

आपले डॉक्टर मात्र पहिल्या दिवसापासून चमकले. त्यांनी नाव नुसतं नाव म्हणून सांगितलं. रांगेत शेवटी उभे राहिले. जागा मागताना सेक्रेटरीच्या गुडघेदुखीची चौकशी केली. प्राध्यापिका म्हणाली, "बघा, हे खरे निवृत्त." डॉक्टर लाजले, आणि रात्री जागून टिपणं काढू लागले. चहाच्या सुट्टीत सगळा वर्ग बूट काढून त्यांच्यासमोर पाय पसरे, तेही काम होतंच. शेवटी लेखी परीक्षा झाली. डॉक्टर पहिले आले. टाळ्यांच्या कडकडाटात ढाल मिळाली, तिच्यावर कोरलं होतं, 'सर्वोत्कृष्ट निवृत्त'. डॉक्टरांनी ताबडतोब बाईंना फोन केला.

"पहिला आलो!"

"किती जणांत?" बाईंनी शिक्षिकेच्या सवयीनं विचारलं.

परत आल्यावर अर्ज रीतसर गेला. इकडे बाईंनी सामान बांधलं. एव्हाना त्या या कामात इतक्या तरबेज झाल्या होत्या की हमाल त्यांना सल्ला विचारत. ट्रक पुढे रवाना झाला. क्वार्टरमध्ये उरलं सरकारी सामान, म्हणजे दोन खाटा, दोन खुर्च्या आणि एक टेबल, ज्याचा एक पाय प्रत्येक गावात आखूड असतो. मग हॉस्पिटलात निरोप समारंभ झाला. वरिष्ठांनी भाषणात 'बुरशीचा कर्दनकाळ' असा शब्द वापरला. डॉक्टरांना गहिवरून आलं. बोलायला उठले आणि दोन वाक्यांत रडले, त्यांच्याबरोबर दोन नर्सेस रडल्या, आणि भेट म्हणून एक भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

तो शुक्रवार होता. शनिवारी अर्जाचं उत्तर आलं. अर्ज नामंजूर. कारण, सरकारी खर्चानं दीर्घ मुदतीचं प्रशिक्षण घेतल्यामुळे अर्जदारावर आणखी दोन वर्षांच्या सेवेचा बॉण्ड लागू झाला आहे.

डॉक्टरांनी ते चारदा वाचलं. मग बाईंनी एकदा वाचलं.

"कसलं प्रशिक्षण?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"निवृत्तीचं," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी पत्राची घडी घातली आणि ती टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं डॉक्टरांना फार वाटलं.

सोमवारी ओपीडीत परत जाऊन बसायचं म्हणजे काय मरण असतं ते ज्याचं त्याला कळतं. ज्यांच्यासमोर गळा काढला, त्यांच्यासमोर गळ्यात स्टेथोस्कोप घालून बसायचं. रडलेल्या नर्सेस फसवणूक झाल्यासारख्या बघत होत्या. वरिष्ठांनी खांद्यावर हात ठेवला आणि घड्याळाबद्दल चकार शब्द काढला नाही, पण वर्गणी देणाऱ्यांच्या मनात तो विषय आहे हे डॉक्टरांना स्पष्ट दिसत होतं. त्यांची जागा घ्यायला आलेला तरुण डॉक्टर त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांच्याच पेशंटला पायाची बोटं फाकवायला सांगत होता. डॉक्टरांनी कोपऱ्यात स्टूल घेतलं.

पेन्शनशास्त्री संध्याकाळी धावत वर आले. डॉक्टरांना वाटलं, माफी मागायला आले.

"अरे, अभिनंदन!" ते म्हणाले. "दोन वर्षं! पेन्शन कुठल्या कुठे जाईल बघ!"

आतल्या खोलीत काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज झाला. पेन्शनशास्त्री समजुतीचे होते, लगेच खाली गेले.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांसमोर बसले. यावेळी पाणी त्यांनी स्वतः मागितलं.

"अहो, निवृत्त कसं व्हावं हे शिकलो म्हणून निवृत्त होता येत नाही, हा काय न्याय झाला?"

"वयानं निवृत्त होणाऱ्यांना सूट आहे, साहेब. स्वेच्छेनं जाणाऱ्यांना नाही. जो स्वेच्छेनं जाऊ शकतो तो स्वेच्छेनं थांबूही शकतो, असा त्यामागचा विचार आहे."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"आपण विचारलं नाहीत," हेडक्लार्क म्हणाले. ज्या माणसानं जन्मभर सगळ्यांना सगळं विचारलं, त्याला हे ऐकावं लागलं. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काहीतरी वाट असेल हो. बायको शाळेत शब्द देऊन बसलीय."

हेडक्लार्कांनी पुन्हा डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच राहिले. डॉक्टरांनी हळूच त्यांची नाडी बघावी का असा विचार केला.

"एक वाट आहे," डोळे न उघडताच ते म्हणाले. "बॉण्ड लागतो प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्यावर. नापास झालेल्याला लागत नाही. आपण नापास झाला असतात तर आज घरी असतात. पण आपण तर..." इथे त्यांनी डोळे उघडले आणि करुणेनं बघितलं, "पहिले आलात."

डॉक्टरांनी त्याच दिवशी संस्थेला लिहिलं, की माझी उत्तरपत्रिका पुन्हा तपासावी, मला माझ्या गुणांबद्दल गंभीर शंका आहे. संस्थेत असं पत्र कधी आलं नव्हतं. त्यांनी एक समिती नेमली, समितीनं पेपर बारकाईनं तपासला, आणि तपासनिसाकडून डॉक्टरांवर अन्याय झाल्याचं आढळून त्यांचे तीन गुण वाढवले. सोबत संस्थाप्रमुखांचं दिलगिरीचं पत्र होतं.

ते वाचून बाई दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसल्या. पण हसता हसता मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, शाळा उघडायला आता फारसे दिवस नाहीत. मी त्यांना काय कळवू? नवव्यांदा नाही म्हणू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर डॉक्टरांना सवय होती. ते त्या रिकाम्या खोलीत, आखूड पायाच्या टेबलाशी बसले आणि त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली. या बाईनं आपल्यापायी सगळं अर्ध्यावर सोडलं, आणि आपण तिच्यासाठी एक कोर्स आखूड घेऊ शकलो नाही.

"नाही म्हणू नकोस," ते उठून म्हणाले. "मी नापास होऊन दाखवतो."

कारण हेडक्लार्कांना आणखी एक नियम सापडला होता. संस्थेत श्रेणी सुधारण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसता येत असे, आणि बसलं की नवा निकाल तोच खरा. म्हणजे जायचं, कोरा पेपर द्यायचा, यायचं. लहान पोरालाही जमेल असं काम. बाईंनी डबा दिला. आयुष्यात अनेक मुलांना त्यांनी परीक्षेला पाठवलं होतं, पण "काही लिहू नका हं" असं सांगून पाठवण्याची ही पहिलीच वेळ.

परीक्षेला दोघंच होते. डॉक्टर, आणि तोफखान्याचे तेच कर्नल, जे पहिल्या खेपेला खरोखरीच नापास झाले होते आणि आता जिवाच्या आकांतानं पास होऊ बघत होते. प्राध्यापिका डॉक्टरांकडे बघून हसली. पेपर समोर आला. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलंच नाही. हाताची घडी घालून ते खिडकीबाहेर बघत बसले. पाचेक मिनिटं छान गेली.

मग नजर पेपरावर गेली. जायला नको होती. पहिला प्रश्न होता, 'घरात कुणाचा हात वाफेनं भाजल्यास कोणते प्रथमोपचार कराल?'

हा प्रश्न त्वचारोगाच्या माणसाला! तरी डॉक्टरांनी मन घट्ट केलं. पण शेजारी तोफखान्याचे कर्नल पुटपुटत लिहीत होते, "टूथपेस्ट... जाड... थर." डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. टूथपेस्ट? जाड थर? उद्या याच्या घरात कुणाला भाजलं म्हणजे? त्यांनी खुणेनं नाही नाही केलं. कर्नलांना वाटलं थर पातळ हवा, म्हणून त्यांनी 'जाड' खोडलं. आता मात्र डॉक्टरांना राहवेना. भाजल्यावर काय करावं हे विचारल्यावर गप्प बसायचं, हे त्यांच्याच्यानं होणारं नव्हतं. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर देऊ, बाकी कोरं, असं स्वतःला बजावून त्यांनी टोपण काढलं. वाहत्या पाण्याखाली हात धरणे, अंगठ्या-बांगड्या काढणे, फोड न फोडणे, सगळं मुद्देसूद लिहिलं आणि खाली हाताची आकृतीही काढली.

एवढ्यावर थांबले असते तरी हरकत नव्हती. एका प्रश्नानं कुणी पास होत नाही. पण पान भरलं की पुढचं पान दिसतं. 'बँकेतील रांगेत एखादा मध्ये घुसल्यास...' हे तर येतंच की. एक ओळ लिहू. एक ओळ लिहिली आणि तिला अर्धवट सोडवेना. 'घरातील निर्णय पत्नीने घेतल्यास आपली भूमिका काय असावी?' यावर तर डॉक्टरांची सुंदर टिपणं होती. मध्ये बोलू नये. शेवटपर्यंत ऐकावे. 'पण' या शब्दाने वाक्य सुरू करू नये. पेन पळत सुटलं. मधूनच बाईंचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा आणि ते पेन खाली ठेवायचे, पण समोरचा प्रश्न इतका सोपा असायचा की तो चुकवणं म्हणजे शुद्ध अपमान वाटायचा. घंटा झाली तेव्हा ते पुरवणी मागत होते.

निकाल तिथेच लागला. पैकीच्या पैकी. प्राध्यापिका म्हणाली, संस्थेच्या इतिहासात असं झालेलं नाही. तोफखान्याचे कर्नल पुन्हा नापास झाले होते आणि त्यामुळेच पुन्हा एकदा बॉण्डमधून सुटलेही होते, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना कडकडून मिठी मारली आणि म्हणाले, "तुझ्यासारखी हुशारी देवानं मला का नाही दिली?" डॉक्टरांना त्यांचा इतका हेवा वाटला की त्यांनी मिठी आणखी घट्ट केली.

घरी आले ते पाय ओढत. बाई सरकारी खुर्चीत बसून शाळेच्या वेळापत्रकावर पेन्सिलीनं काहीतरी करत होत्या. डॉक्टर दारातच उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "पहिला प्रश्न भाजल्याचा होता."

बाईंनी चष्मा काढला. "किती मिळाले?"

"सगळे."

बाईंनी पेन्सिल वेळापत्रकावर ठेवली. डॉक्टर म्हणाले, "मी फार प्रयत्न केला गं. खरंच केला. मला नाही जमलं. मला माफ कर."

"बसा," बाई म्हणाल्या. "मी तुमचा डबा भरून दिला, तुम्हाला निरोप दिला, आणि तशीच जाऊन माझं तिकीट काढून आले. एकच काढलं."

"एकच? पण मी..." म्हणता म्हणता डॉक्टरांना आपलंच उत्तर आठवलं आणि त्यांनी तोंड मिटलं.

"तुम्ही पेपर कोरा देऊन याल हे मला पटेना. इतकी वर्षं संसार केलाय तुमच्याशी. मी काही रागावून जात नाहीये, आणि शाळेला नाहीही म्हणत नाहीये. यावेळी मी माझ्या बदलीच्या गावी जाते. तुम्ही सुट्टीत या. येण्याआधी कळवा मात्र, शाळेत तपासणी वगैरे असली तर मला वेळ नसेल." मग चष्मा पुन्हा चढवत त्या म्हणाल्या, "दार मीच उघडीन. काळजी करू नका."

डॉक्टरांना वाईट वाटलं, अगदी पोटातून वाटलं. आणि त्याच वेळी आपली बायको फार मोठी बाई आहे, असा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं याचा पाठ प्रशिक्षणात नव्हता.

स्टेशनवर त्यांनी बॅगा वर चढवल्या, पाण्याची बाटली भरून आणली, खिडकीतून आत दिली. गीझर आठवणीनं बंद कर, किल्ल्या वरच्या कप्प्यात ठेव, पोचलीस की फोन कर, अशा सूचना द्यायला तोंड उघडलं तर बाईच सांगत होत्या, गॅस बंद करत जा, गोळ्या वेळेवर घ्या, पेन्शनशास्त्र्यांना काही विचारू नका. डॉक्टर प्रत्येक सूचनेला हो म्हणत होते. समोरच्या बाकावर एक आजी विणत बसल्या होत्या. त्यांनी विणकाम थांबवून डॉक्टरांकडे, त्यांच्या पांढऱ्या केसांकडे निरखून पाहिलं.

"हे नाही का येत तुमच्याबरोबर?" त्यांनी बाईंना विचारलं.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "त्यांचं शिक्षण पुरं व्हायचंय अजून."

"या वयात?" आजींना कळवळा आला. गाडी हलली तशी त्यांनी खिडकीशी वाकून डॉक्टरांना धीर दिला. "होईल हो! जमत नाही म्हणून सोडून देऊ नका. किती वेळा बसलात?"

"दोनदा," डॉक्टर गाडीबरोबर चालत म्हणाले.

"मग काय झालं? तिसऱ्यांदा बसा! जमेल!"

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि डोळेही पुसत होत्या.

"हो आजी," डॉक्टर मनापासून म्हणाले, "यावेळी कसून प्रयत्न करतो."